मावशीचा २००४ सालचा कम्प्युटर नेटवर आणला, त्याचं पूर्ण प्रकरण

या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो, इंदूरलाच, लोकमान्य नगरात, तर फराळाचं ताट हातात देता देता ती म्हणाली की अरे तो आतल्या खोलीतला कम्प्युटर आहे ना, त्याला नेट जोडून दे. मी म्हटलं मावशी, नवीन घेऊ ना, तर म्हणे नवीन नको, मला याच्यावर लिहिता येतं. मग तिने कारण सांगितलं आणि ते ऐकल्यावर नवीन घ्यायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

कारण असं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि मावशीने त्या आजी असतानाच वहीत उतरवून घेतल्या आणि २००५ पासून हळूहळू या कम्प्युटरवर टाइप केल्या, साडेतीनशेच्या वर आहेत. पुण्याला माझी मामेबहीण त्या सगळ्या एकत्र करतेय. आत्तापर्यंत काय चाललं होतं तर मावशी प्रिंट काढायची, शेजारचा मुलगा मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा, आणि पुण्याला ती बिचारी फोटोत बघून परत सगळं टाइप करायची. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाईलच्या कीबोर्डवर तिला अक्षरं सापडत नाहीत, पण तिची सगळी नोकरी हिंदी टाइपरायटरवर गेलेली त्यामुळे कीबोर्डकडे न बघता तिची बोटं चालतात. म्हणजे गरज नेमकी दोन गोष्टींची होती, मेल करता यायला हवा आणि मराठी वाचता-लिहिता यायला हवं. व्हिडिओ, सिनेमा, बँक यातलं काहीच नको होतं. हे आधी विचारून घेतलं ते फार बरं झालं, पुढचे सगळे निर्णय त्याच्यावरच झाले.

मशीन काय होतं ते सांगतो. काकांनी असेंबल करून घेतलेलं, पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची चपट्या रुंद केबलवाली आयडीई हार्ड डिस्क, सतरा इंची काचेचा मॉनिटर, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ (म्हणजे एक्सपीच्या अपडेटांचा दुसरा गठ्ठा). मागे एक लॅनचं भोक आणि एक जुनं ५६के मोडेम कार्ड, काका त्याच्यावरून डायल-अप लावायचे आणि फोन एंगेज लागतो म्हणून मावशी ओरडायची ते मला आठवतं. नंतर फोनच्या लाइनवरचं ब्रॉडबँड आलं, ते काका होते तोवर चाललं, मग २०११ नंतर या मशीनला नेट लागलंच नाही. आता घरात फायबर आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या वर पांढरी डबी लावलेली आहे, मोबाईल आणि टीव्ही त्याच्यावर चालतात.

आधी फाइली

नेटला हात लावायच्या आधी मी ओव्या बाहेर काढल्या. वीस वर्षं जुनी डिस्क आहे, चालू करताना कर्र आवाज येत होता, आणि तिच्यातलं जर गेलं तर मग नेट जोडून काय करणार होतो. तुम्ही कोणाचंही जुनं मशीन हातात घ्याल तर हेच पहिलं करा, बाकी सगळं दोन दिवस उशिरा झालं तरी चालतं. इथे एक अडचण येते, हल्लीचे मोठे पेन ड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट फॉरमॅटचे असतात आणि एक्सपीला ते वेगळा अपडेट टाकल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून घरातला १६ जीबीचा पेन ड्राइव्ह फॅट३२ करून घेतला. सगळ्या फाइली मिळून तीनशे एमबीसुद्धा नव्हत्या. एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम आहे म्हणून तिथे बिनधास्त उघडून स्कॅन केल्या, कारण त्या काळच्या एक्सपी मशीनमध्ये पेन ड्राइव्हवरून आपोआप पसरणारे व्हायरस सर्रास असायचे. दोन निघाले पण.

मग कॅबिनेट उघडलं. धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती ती पुसून नवीन लावली, आणि बोर्डावरचे कपॅसिटर एकेक करून बघितले. २००० च्या आसपासच्या काही वर्षांतल्या बोर्डांमध्ये खराब कपॅसिटर फार निघाले होते, डोकं फुगलेलं किंवा वरून तपकिरी काहीतरी गळलेलं दिसलं तर बोर्डाचे दिवस भरले समजायचं. इथे सगळे सपाट होते. मावशी शेजारी उभी राहून बघत होती, ती म्हणाली काका दर दसऱ्याला याची पूजा करून आतून पुसायचे. म्हणून टिकलं असेल.

चालू करताना दर वेळी काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर असं येऊन एफ१ दाबायला लागत होतं आणि तारीख १ जानेवारी २००२ दिसत होती. मावशी इतकी वर्षं एफ१ दाबूनच काम करत होती, तिला वाटायचं तो चालू करायचाच भाग आहे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला, बास. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवीन आणला. हा सेल पुढे किती महत्त्वाचा ठरतो ते सांगतोच.

वायर

पहिली चूक माझीच. घरात वायफाय आहे तर वायफायने जोडू म्हणून एक यूएसबी डाँगल घेऊन आलो आणि एक अख्खा रविवार त्यात गेला. डाँगलचा ड्रायव्हर विंडोज ७ पासून पुढचा, एक्सपीसाठी नाहीच. दुसरं म्हणजे सर्व्हिस पॅक २ ला डब्ल्यूपीए२ हे वायफायचं कुलूप मुळात कळत नाही, त्यासाठी वेगळा अपडेट किंवा सर्व्हिस पॅक ३ लागतो, आणि हॉलमधली डबी तर डब्ल्यूपीए२ आणि ३ च्या मिश्र मोडवर होती. डबीचं कुलूप उतरवून जुन्या डब्ल्यूईपीवर आणलं तर चालेल असा सल्ला मला एकाने दिला होता, तो अजिबात ऐकू नका, एका मशीनसाठी घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलचा दरवाजा उघडा टाकल्यासारखं होतं ते.

मग लॅन केबल. हॉल ते आतली खोली, दाराच्या चौकटीवरून फिरवून पंधरा मीटर. फायबरवाल्या कंपनीचा मुलगा दुसऱ्या कामासाठी आला होता, तो बघून म्हणाला भिया, इतना पुराना पोर्ट है, ये नहीं पकड़ेगा. पण लॅनच्या बाबतीत तसं नसतं. दोन टोकं जोडली की दोघं आधी एकमेकांचा वेग विचारतात आणि जो दोघांना जमतो तो धरतात. डबी १००० ची होती, मावशीचं कार्ड १०/१०० चं, तर दोघं १०० वर थांबतात आणि मेलसाठी शंभरसुद्धा खूप आहे. लॅनचा हा भाग मला मनापासून आवडतो, जुन्याला सांभाळून घेतो.

तरी दिवा लागेना. केबल मी स्वतः क्रिंप केली होती, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवला होता, तर टोक परत उजेडात धरून बघितलं. शंभरच्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या क्रमात नारंगी जोडी आणि हिरवी जोडी. त्यातली हिरवी तार प्लगच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर मागे. कापून परत क्रिंप केली, हिरवा दिवा लागला.

दिवा लागल्यावर मावशी खुर्चीवर बसली आणि तिने सवयीने डेस्कटॉपवरचा ब्रॉडबँड नावाचा आयकॉन डबल क्लिक केला. युजरनेम, पासवर्ड, कनेक्ट, आणि एरर ६७८, पलीकडून उत्तर येत नाही. ती म्हणाली बघ, नाही होत. इथे मला थांबून तिला समजावून सांगावं लागलं आणि ते सांगताना माझ्याही डोक्यात नीट बसलं. काकांच्या वेळी मोडेम नुसता पूल होता आणि कंपनीला फोन लावल्यासारखं लॉगिन कम्प्युटरला करावं लागायचं, आता ते लॉगिन हॉलमधली डबी करते आणि चोवीस तास करून बसलेली असते, त्यामुळे कम्प्युटरने डायल केलं तर पलीकडे उचलायला कोणी नाही. मी आयकॉन डिलीट केला नाही, काकांनी बनवलेला आहे, एका फोल्डरमध्ये ठेवला.

आयकॉन बाजूला केला तरी नेट नाहीच. खाली टास्कबारवर दोन मॉनिटरचं चित्र, कनेक्टेड, १०० एमबीपीएस, आणि पिंग केलं, म्हणजे पलीकडे हाक मारून उत्तर येतं का बघितलं, तर सगळं टाइम आउट. आयपीकॉन्फिग ही कमांड मारल्यावर कळलं, मशीनचा पत्ता १९२.१६८.१.५ असा हाताने घालून ठेवलेला आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१.१, हे जुन्या मोडेमच्या वेळचं. नवी डबी वेगळ्याच रांगेतले पत्ते वाटते. म्हणजे घर बदललं पण दारावर जुनाच नंबर. नेटवर्क कनेक्शन्समध्ये टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) दोन्ही आपोआप घे असं केलं, आणि लगेच पत्ता आला. पिंग ८.८.८.८ ला उत्तर आलं, मग नावाने पिंग केलं त्यालाही आलं, म्हणजे तार बरोबर, पत्ता बरोबर, नावावरून पत्ता शोधणं पण बरोबर.

नेट आलं पण साइट उघडेना

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं काम. इंटरनेट एक्सप्लोरर ६ उघडला, मेलची साइट टाकली, द पेज कॅनॉट बी डिस्प्लेड. दुसरी टाकली, तेच. मराठी विकिपीडिया, तेच. आणि याच ठिकाणी बहुतेक लोक कम्प्युटर भंगारात काढतात, कारण बघणाऱ्याला वाटतं नेट लागलंच नाही. मावशीचा शेजारी म्हणाला लाइन ढीली होगी, डबी बंद चालू करो. पण पिंगचं उत्तर येत होतं, लाइनीत काही नव्हतं.

नेट लागणं आणि साइट उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आज जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत. तिथे पान यायच्या आधी ब्राउझर आणि पलीकडचा सर्व्हर कुठल्या पद्धतीचं कुलूप लावून बोलायचं ते ठरवतात, आणि सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. एक्सपीवाल्या एक्सप्लोररला ठाऊक असलेलं सगळ्यात नवीन कुलूप म्हणजे टीएलएस १.०, ते १९९९ चं, आणि एक्सप्लोरर ६ मध्ये तर ते पण मुळात बंद असतं, सेटिंगमध्ये जाऊन टिक करावं लागतं. टीएलएस १.२ आलं २००८ मध्ये आणि १.३ आलं २०१८ मध्ये. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ बंद केले, मार्च २०२१ मध्ये ते अधिकृतपणे मोडीत काढले गेले. साध्या एक्सपीला १.२ कधी आलंच नाही. त्यामुळे मशीन सर्व्हरच्या दारापर्यंत व्यवस्थित जातं, कडी वाजवतं, पण दोघांना एकच भाषा येत नाही म्हणून दार उघडत नाही. शिवाय आजची ओळखपत्रं एसएचए-२ पद्धतीने सही केलेली असतात आणि ती सही वाचायला एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ लागतो, मावशीकडे २. म्हणजे दोन अडचणी.

आणि तारीख! ओळखपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि मशीन म्हणतंय आज २००२ आहे, तर त्याच्या हिशोबाने ही सगळी ओळखपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत. सेल बदलला होता पण तारीख मी घातली नव्हती. इंटरनेटवरून वेळ घे असं एक्सपीमध्ये बटण आहे ते दाबलं तर तेही नाही म्हणालं, तारखेत फारच फरक असला तर ते वेळ घ्यायलाच नकार देतं. आधी हाताने आजची तारीख घालायची, मग ते मिनिट-सेकंद जुळवतं. जुन्या मशीनवर साइट उघडत नसेल तर सगळ्यात आधी खाली उजवीकडचं घड्याळ बघा, खरंच.

तारखेनंतर मी फायरफॉक्स ५२ ईएसआर हा ब्राउझर पेन ड्राइव्हवरून टाकला (ईएसआर म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारं व्हर्जन). एक्सपीवर चालणारा फायरफॉक्सचा हा शेवटचा, २०१८ मध्ये त्याचे अपडेट थांबले (क्रोमचं एक्सपीवरचं शेवटचं व्हर्जन ४९, ते २०१६ चं). फायरफॉक्स कुलपाचं काम विंडोजवर सोडत नाही, स्वतःचं सामान स्वतः घेऊन येतो, त्यामुळे त्याच्यात टीएलएस १.२ आहे, एसएचए-२ आहे, आणि आजच्या फार साइटना ओळखपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मूळ ओळखपत्र पण त्याच्या यादीत आहे. आणि काय, विकिपीडियाचं पान उघडलं. मावशीने इंदूर टाकून शोधलं, राजवाड्याचा फोटो आला, मोठ्या स्क्रीनवर तिने तो बराच वेळ बघितला.

मी इथे थांबू शकलो असतो. बरेच जण थांबतात पण. मी नाही थांबलो आणि त्याचं कारण मेल. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा गोंधळ झाला तेव्हा आणि परत २०१९ मध्ये एकदा, असे अगदी अपवाद म्हणून एक्सपीला पॅच दिले गेले, बाकी इतक्या वर्षांत सापडलेली जवळजवळ सगळी भोकं तशीच उघडी आहेत. हॉलमधल्या डबीच्या मागे असल्यामुळे बाहेरून कोणी सरळ मशीनपर्यंत येत नाही हे खरं, पण मावशी मेल उघडेल, मेलमधली लिंक दाबेल, अटॅचमेंट उघडेल, आणि तो ब्राउझर पण २०१८ चा. तिचा मेलचा पासवर्ड म्हणजे तिच्या पेन्शनच्या खात्यापर्यंत जायचा रस्ता आहे. त्या मशीनवर मी माझ्या मावशीला पासवर्ड टाकायला सांगणार नाही, माझं मत स्पष्ट आहे.

तिला मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, मग माझं हे सगळं जाणार का? मी म्हटलं नाही मावशी, हे आहे तसं राहील, फक्त याला नेट नसेल, आणि त्याच डब्यात शेजारी दुसरी सिस्टिम टाकू, तिला नेट असेल. चालू करताना तू निवडायचं.

दुसरी सिस्टिम

प्रोसेसर ३२-बिट आहे, म्हणून पर्याय आपोआप कमी झाले. उबुंटू आणि डेबियन ही लिनक्सचीच रूपं. उबुंटूने ३२-बिटची सीडी देणं २०१८ च्या आतच थांबवलं, डेबियनने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. डेबियन १२ मात्र चालतं आणि त्याच्यावर बनलेलं अँटीएक्स नावाचं फार हलकं लिनक्स आहे, जुन्या मशीनसाठीच बनवलेलं. क्रोम विसरा, त्याला २०२१ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई३ नावाचा आदेशांचा संच लागतो आणि या पेंटियम ४ मध्ये तो नाही, फायरफॉक्सला त्याच्या आधीचा एसएसई२ पुरतो, तो आहे.

एक शनिवार सिल्वर मॉलमध्ये गेला. आरएनटी मार्गावरचा, कम्प्युटरचं काही हवं असेल तर इंदूरमध्ये पाय आपोआप तिकडेच वळतात. हवी होती डीडीआर एक रॅम, डीडीआर२ किंवा ३ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. चार दुकानांत नाही म्हणाले, पाचव्यात एका काकांनी मागच्या खोलीतून खोकं आणलं आणि एकेक पट्टी उजेडात धरून नंबर वाचायला लागले. एक जीबीच्या दोन घेतल्या, त्यातली एक घरी बोर्डाने अर्धीच ओळखली, परत गेलो, त्यांनी काही न बोलता बदलून दिली. काही स्वस्त पट्ट्यांची चिप रचना जुन्या बोर्डांना झेपत नाही, त्यामुळे जुनी रॅम घेताना बदलून मिळेल ना हे आधी विचारा. तिथेच १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, आणि ती जुन्या केबलला जोडायला साटा-ते-आयडीई कन्व्हर्टर घेतला. १२० मुद्दाम, कारण जुन्या बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, १३७ जीबीच्या पुढची डिस्क नीट कळत नाही असं बरेचदा होतं. काकांची डिस्क मास्टर म्हणजे पहिली, नवी स्लेव्ह म्हणजे दुसरी, डिस्कमागच्या जंपरच्या पिना तशा लावल्या. काकांच्या डिस्कला हात न लावता सगळं नव्यावर टाकलं, आणि बूट लोडर, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायला देणारा प्रोग्राम, तो पण नव्या डिस्कवरच, म्हणजे उद्या एसएसडी काढून टाकली तरी एक्सपी पूर्वीसारखंच सुरू होईल.

बायोस पेन ड्राइव्हवरून सुरू होत नव्हता. प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवर लिहिला, सीडीवरून तो सुरू होतो आणि तो पुढे पेन ड्राइव्हला उठवतो. इन्स्टॉल व्हायला पाऊण तास लागला. आणि लॅन? काहीच करावं लागलं नाही, केबल लावलेलीच होती, पत्ता आपोआप आला, साइट उघडली. ज्या कार्डाला कंपनीचा मुलगा नहीं पकड़ेगा म्हणाला होता त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून बसलेला असतो. मग एक्सपीमध्ये परत जाऊन तिथलं लॅन कनेक्शन डिसेबल करून टाकलं.

मेलसाठी ब्राउझर वापरला नाही. जीमेलचं साधं एचटीएमएल पान २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं आणि आत्ताचं पान या मशीनवर उघडायला मिनिटभर घेतं. त्याऐवजी क्लॉज मेल हा मेलचा वेगळा प्रोग्राम, फारच हलका. जीमेलला बाहेरच्या प्रोग्राममध्ये आपला नेहमीचा पासवर्ड टाकून चालत नाही, खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक खात्री) लावायचं आणि मग सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवून तो इथे टाकायचा. हे मावशीच्या मोबाईलवर तिच्यासमोर केलं, तिच्या हाताने.

मराठीचा भाग

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला आणि लागायलाच हवा होता, कारण मूळ काम हेच होतं.

मावशीने ज्या फॉन्टमध्ये ओव्या टाइप केल्या तो हिंदी टाइपरायटरवर बेतलेला जुना फॉन्ट. अशा फॉन्टमध्ये फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांचं चित्र देवनागरी दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की नुसता कचरा दिसतो. पुण्याला फाइल गेली असती तरी काही कळलं नसतं. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना त्यांचा स्वतःचा क्रमांक असतो त्यामुळे ते कुठेही वाचता येतं. तर कन्व्हर्टरने बदललं, आणि पहिल्या दहा ओव्यांत दोन प्रकारच्या चुका दिसल्या.

एक पहिल्या वेलांटीची. टाइपरायटरवर वेलांटी आधी मारतात मग अक्षर, युनिकोडमध्ये अक्षर आधी साठवतात. साध्या दिवाळी-दिव्याला कन्व्हर्टर बरोबर फिरवतो पण जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी चूक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, सा-या, दुस-या, तु-या. साऱ्या-दुसऱ्यामधला अर्धा र हिंदीला लागत नाही, मावशीच्या फॉन्टमध्ये तो नव्हताच, म्हणून ती मधे डॅश मारायची आणि कागदावर ते चांगलं दिसायचं. युनिकोडमध्ये गेल्यावर तो नुसता डॅश राहतो. सगळीकडे एकदम डॅश बदलून टाकू असं मला आधी वाटलं होतं, पण ओवीत खरे डॅशपण आहेत, माहेर-सासर, भाऊ-भावजय. मग आधी अक्षर, मग डॅश, मग य किंवा ह असेल तरच बदलायचं असं करून निम्मं काम झालं आणि उरलेलं मावशीने वाचून केलं. तिला कुठला र मूळ ओवीतला ते कानाने कळतं.

नव्या सिस्टिममध्ये आधी देवनागरीच्या जागी चौकोन दिसत होते, लोहित आणि नोटोचे फॉन्ट टाकल्यावर नीट झालं. टाइप करायला आयबस हा प्रोग्राम आणि त्यात हिंदी रेमिंग्टन टाइपरायटरचा लेआउट, म्हणजे मावशीच्या बोटांना पाठ असलेला. हे जमलं नसतं तर बाकीच्या सगळ्या खटाटोपाचा तिला उपयोग नव्हता. ती बसली, ळ कुठे आहे ते विचारून घेतलं, मग काही विचारलं नाही.

सगळे मिळून सहा दिवस गेले, सलग नाही, तीन आठवड्यांत पसरून. चालू झाल्यापासून मेल दिसेपर्यंत दीड-दोन मिनिटं लागतात. व्हिडिओ अडकत चालतो. फायरफॉक्स चार टॅबच्या पुढे नेला की मशीन हळू होतं, म्हणून मावशीला दोनच उघडायचे सांगितलंय. हे कायमचं नाहीये हेही तिला सांगितलं. ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ हा शेवटचा, ईएसआर १४० ला सप्टेंबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतील असं मोझिलाने सांगितलंय, आणि डेबियन १२ च्या अपडेटांची दीर्घ मुदत जून २०२८ पर्यंत. म्हणजे ब्राउझर आधी जाईल, मेल पाठवणं त्यानंतरही काही काळ चालेल. तोवर सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये आल्या की त्या कुठल्याही मशीनवर उघडतील, आणि तेव्हा नवीन घ्यायचं म्हटलं तर हाच कीबोर्ड पीएस/२ चं कन्व्हर्टर लावून त्याला जोडून देईन असं मी मावशीला कबूल केलंय.

पहिला मेल तिने परवा पाठवला, अकरा पानं, पहिल्या चाळीस ओव्या. रात्री पुण्याहून उत्तर आलं की सतराव्या ओवीत पऱ्हाटी हवं का पराटी, वहीत बघून सांग. मावशीने कपाटातून वही काढली, चष्मा बदलला, आणि उत्तर टाइप करायला बसली.